गेल्या चौदा दिवसांत

प्रश्न नऊ, उत्तरं चार.
अजिबात नाही. काही दिवस.
अर्ध्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.
भरलेल्या अर्जामागे अडीच सोल मिळतात,
अर्धवट अर्जाचं काही नाही.
सोमवारी इथं घरोघरी मसूर शिजते.
एक कान फोनला, नजर पातेल्यावर,
मी, देल्मिरा चोके, स्वयंपाकघरात बसून
आरेकिपा शहराचं मन मोजते.

सोमवार पुरुषांचा, मंगळवार बायकांचा,
रविवार कुणाचाच नाही, असा हुकूम आहे.
कोपऱ्यावर पोरसवदा शिपाई उभा असतो,
त्याचाही मास्क नाकावरून घसरतो.
त्याचा नंबर माझ्या यादीत नाही.

नेमेसिओ किल्का, वय एकसष्ट, टॅक्सी.
कशातच रस वाटत नाही, असं कितीदा?
"रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसतो.
दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, बॅटरीसाठी.
आरसा नीट करतो. मागे कुणी नसतं.
तरी विचारतो, कुठं सोडू?
हे कुठल्या रकान्यात बसतं, बाई?"
मी 'काही दिवस'वर खूण केली.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

सेनोबिया उआर्का, शिवणकाम:
"झोप मला नव्वद सालापासून नाही.
ती या रोगाच्या नावावर मांडू नका,
उगाच त्याचा मान वाढेल."

एका घरी पोरानं फोन उचलला.
आई न्हाणीघरात आहे. नळ सोडून बसते.
पाण्याचं बिल आलं की बाबा ओरडतील.
मागे पाणी वाहत होतं, बराच वेळ.
पाण्याखाली दुसरा एक आवाज होता,
त्याला ऐकू येत होता, मलाही.
आम्ही दोघं नळाबद्दल बोललो.
वायसर खराब असेल, मी म्हटलं.
असेल, तो म्हणाला.

नववा प्रश्न शब्दशः वाचायचा असतो,
आवाज न चढवता, न उतरवता.
आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं?
फाउस्तो अपासा म्हणाला, परत वाचा.
वाचला.
मग इतका वेळ काहीच नाही
की मसूर करपल्याचा वास आला,
आणि मी उठले नाही.
नियमाप्रमाणे मदतीचा नंबर दिला.
"तो एंगेज असतो. तीन दिवस लावतोय."
मग म्हणाला, तुमच्या खिडकीतून काय दिसतं?
त्याच्या खोलीला खिडकी नाही,
एक झरोका आहे, तो जिन्यात उघडतो.

मिस्ती दिसतो, मी म्हटलं.
"बर्फ?"
थोडं, एका खांद्यावर. आंघोळीला निघाल्यासारखा.
"धूर?"
नाही.
"उभा कसा आहे?"
डोंगर उभा कसा असतो
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, बाजारात रांगेला उभा राहावा तसा,
पुढच्याला न ढकलता.

सत्तेचाळीस मिनिटं.
लिमाहून सुपरवायझरचा निरोप आला:
सरासरी अकरा आहे, सेन्योरा.
त्याचा अर्ज अर्धवटच राहिला.
नवव्याचं उत्तर त्यानं दिलं नाही,
मीही पुन्हा मागितलं नाही.

आता तो दर रविवारी फोन करतो.
बर्फ किती उरलं ते विचारतो. उरलं नाही,
तरी मी थोडं थोडं वितळवते,
एकदम संपवत नाही.

परवा शेजारणीनं समोरच्या गच्चीवर
हिवाळ्याच्या घोंगड्या वाळत घातल्या, ओळीनं,
आणि नेमका फोन वाजला.
"दिसतोय?"
दिसतोय.
"कसा आहे?"
आज त्याच्यावर पट्टे आहेत, मी म्हटलं.
तांबडे, मग पिवळे.
एका कोपऱ्याला ठिगळ.

पलीकडे नुसता श्वास.
मग तो म्हणाला,
"तिला सांगा, चिमटे घट्ट लाव म्हणावं,
डोंगर उडून जाईल."

मी खिडकी उघडली
आणि ओरडून तसंच सांगितलं.